मध्यंतरानंतरची पाने

॥ श्री ॥

शहादा
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. बेबीस,
रंजनाचे आशीर्वाद. वि. वि.

काल तुला तीन वेळा फोन केला. पहिल्या वेळी मी गुडघा कसा आहे असे विचारले, तर तू म्हणालीस की सूनबाईने, गायत्रीने, आत्ताच केल्या आहेत आणि गरम आहेत. दुसऱ्या वेळी मी थंडीचे विचारले, तर तू मिरचीचा भाव सांगितलास. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम काहीच बोलले नाही. तरी तू दोनदा ‘हो, हो’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. म्हणून हे पत्र लिहावे लागते आहे. तुझा हेमकांत नोकरीसाठी नंदुरबार ते शहादा रोज अप-डाउन करतोच, तेव्हा त्याच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

हेमकांतला चहाला बसवून सगळे विचारून घेतले. त्याच्यावर रागावू नकोस, तो आधी टाळत होता. तुझ्या मिरची वाळवण्याच्या पथारीवर देठ खुडायला बायका बसल्या की तू त्यांना नवीन सिनेमाची गोष्ट सांगतेस, हे मला तीस वर्षे माहीत आहे आणि तीस वर्षे पसंत नाही. पण या वेळी तू दोन भावांच्या त्या सिनेमाची गोष्ट सपशेल चुकीची सांगितलीस म्हणे. भिकुबाईची सून भूमिका तोच सिनेमा सुरतेला पाहून आली होती, तिने सर्वांसमोर ते दाखवून दिले आणि बायका हसल्या. तेव्हापासून तू पथारीवर पाठ फिरवून बसतेस आणि सिनेमा बंद असे गायत्रीला सांगून टाकलेस.

मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. मनाने काढलेल्या नकाशाला नकाशा म्हणत नाहीत. तुला ऐकू आले नाही आणि तू मधल्या जागा मनाने भरल्यास. कान दाखवायला धुळ्याला जायचे आहे. हेमकांतने रजा टाकली आहे, सबबी नकोत.

प्रकृतीस जप. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
रंजनाताई

————

नंदुरबार
शुक्रवार, ६ डिसेंबर

ती. रंजनाताईस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी आपोआप ताठ बसले होते. हेमकांत म्हणाला की आई, मावशी समोर नाही, टेक आता.

भाकरीचं खरं आहे. मला वाटलं तू भाकरी झाल्या का विचारतेस. तू रोज तेच विचारायचीस.

काल धुळ्याला जाऊन आलो. डाव्या कानात काही उरलं नाही म्हणाले. उजव्याला मशीन बसेल, पण कानाच्या मापाचं बनवून यायला संक्रांत उजाडेल. डॉक्टर मुलगी चांगली होती. तिने विचारलं किती दिवसांपासून असं आहे. मी म्हटलं दिवाळीपासून. हेमकांत म्हणाला दोन वर्षांपासून. त्याला बरोबर न्यायला नको होतं.

आता पथारीचं ऐक, हेमकांतने अर्धंच सांगितलं असेल. मला पडद्यावरचं बोलणं कळत नाही, नुसता गलका येतो. पण चेहरे कळतात. थोरला भाऊ पोलिसांच्या गाडीत बसताना धाकट्याकडे असा पाहतो की मला वाटलं, याने धाकट्याचा गुन्हा अंगावर घेतला. तसंच मी सांगितलं. फुलवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भूमिका आली आणि म्हणाली, “मावशी, तू दुसराच पिच्चर देखा वाटस.” चोर थोरलाच होता म्हणे. बायका हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, पण हसल्या.

ताई, मला त्या बायका खुर्ची देतात ती मालकीण म्हणून नाही. मालकिणी बाकीच्या पथाऱ्यांवरही आहेत. मंगळवारी मी गेले की कामं न थांबवता सगळ्या माझ्याभोवती सरकतात. दिवसभर तिखट नाकात जातं, त्यात तेवढे दोन तास त्यांचे बरे जातात. आता मी सांगितलेलं खरं की खोटं असा विचार त्यांच्या मनात येणार. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

वीस तारखेला तो बोगद्यातल्या मजुरांचा येतो आहे. दिवाळीपासून वाट पाहत होते. गायत्रीच्या मोबाइलवर त्याची जाहिरात इतक्यांदा पाहिली की ती म्हणाली, आत्या, आता पाठच झाली असेल. पण जाणार नाही. ठरलं ते ठरलं.

गुडघा ठीक आहे. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
बेबी

————

शहादा
मंगळवार, १० डिसेंबर

चि. बेबीस,
आशीर्वाद.

दोन वर्षे लपवलेस. त्याबद्दल समोर आल्यावर बोलेन.

चुकले म्हणून सोडून देणे मी वर्गात कोणाला करू दिले नाही, ते तुलाही करू देणार नाही. उदाहरण चुकले तर पुन्हा सोडवायचे. तुला ऐकू येत नाही, पण वाचता येते. सातवीपर्यंत मीच तुला वाचायला बसवत होते.

तेव्हा असे करायचे. सिनेमा शहाद्यालाही वीस तारखेलाच लागतो आहे. मी पहिल्या खेळाला जाईन, कोण काय बोलले ते लिहून घेईन आणि शनिवारी कागद हेमकांतच्या हाती देईन. तू ते वाचून रविवारी नंदुरबारला सिनेमा पाहायचा आणि मंगळवारी पथारीवर बिनचूक सांगायचा. भूमिकेला मधेच काही विचारू दे. उत्तर तुझ्याकडे असेल.

मी थिएटरात शेवटची गेले त्याला चाळीस वर्षे होतील, तेही शाळेची सहल होती म्हणून. मला सिनेमाची आवड लागली असा समज करून घेऊ नकोस आणि गायत्रीला तसे सांगू नकोस.

हळद घातलेले दूध घेत जा. बाकी क्षेम.

रंजनाताई

————

नंदुरबार
रविवार, १५ डिसेंबर

ती. ताईस,
बेबीचा नमस्कार.

गायत्रीला सांगितलं. ती पाच मिनिटं हसत होती. फुलवंताबाईला सांगितलं तर ती म्हणाली की ज्या बाईंनी तिच्या भावाला सिनेमाला पळाला म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याच का या. त्याच, म्हटलं.

मी जाणार नाही असं म्हटलं होतं. पण तू चाळीस वर्षांनी जाणार म्हटल्यावर मी घरी बसून राहणं बरं दिसणार नाही. जाते.

तुला काही गोष्टी माहीत नसतील म्हणून लिहिते. पुढे बसायचं नाही, मान अवघडते. मध्यंतरात उठून घरी जायचं नाही, सिनेमा संपलेला नसतो. शेजारी कोणी शिट्टी मारली तर त्याला उभं करायचं नाही.

कागदाचंही सांगते. कोण काय बोललं तेवढंच लिही. काय झालं ते लिहू नकोस, ते मला दिसतं. मध्यंतरापर्यंतचं वेगळं ठेव, ते मी घरी वाचून जाईन. पुढचं पाकिटात बंद करून दे. मध्यंतरात दिवे लागले की फोडेन. आणि शेवटाचा एक शब्दही लिहायचा नाही. शेवट आधी कळला तर मी तिथे काय खुर्ची गरम करायला जाऊ?

माझा अंदाज असा आहे. बारीक मिशीचा इंजिनिअर लबाड निघणार. आणि अडकलेल्या मजुराची बायको स्वतः बोगद्यात शिरणार. जाहिरातीत तिने पदर खोचलेला आहे. उगाच कोणी पदर खोचत नाही.

फार दिवसांनी शुक्रवारची वाट पाहते आहे. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहो.

बेबी

————

शहादा
शनिवार, २१ डिसेंबर

चि. बेबीस,
आशीर्वाद.

काल बाराच्या खेळाला गेले. पाठीला पुठ्ठा लावलेले फुलस्केप कागद आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली नेल्या होत्या. अंधारात लिहिता येत नाही हे तू सांगितले नव्हतेस. बाहेर येऊन पाहिले तर ओळीवर ओळ चढली होती, पहिली चार पाने माझी मलाच लागेनात. शेजारच्या गृहस्थाने मध्यंतरात विचारले की बाई, तुम्ही पेपरवाल्या का. मी सांगितले की निवृत्त शिक्षिका आहे. त्यानंतर त्याने खुर्चीवरचे पाय खाली घेतले.

अपुरे काम देणे मला जमत नाही. म्हणून साडेतीनच्या खेळाला पुन्हा बसले. या वेळी दाराजवळच्या लहान दिव्याखाली जागा मागून घेतली. डोअरकीपर माझा जुना विद्यार्थी निघाला. सातपुड्यातल्या नद्या त्याला अजून ओळीने येतात.

आता माझे मत. बोगद्यातला खडक चुकीचा दाखवला आहे. आपल्याकडचा खडक काळा आणि थरांचा असतो. यांनी कुठून तरी तांबूस दगड आणून रचला आहे. मजूर दहा दिवस अडकून पडतात आणि एकाचीही दाढी वाढत नाही. गाणे कशासाठी आले ते दोन्ही खेपांना समजले नाही. तुझ्या अंदाजांबद्दल तुझ्या सूचनेप्रमाणे काही लिहीत नाही.

एक जागा मात्र कोरी राहिली आहे, ती मुद्दाम सांगते. मध्यंतराच्या जरा आधी आतल्या मजुरांपर्यंत एक नळी जाते आणि बायकोला नवऱ्याशी बोलायला बोलावतात. ती नळीला कान लावते. आत नुसती घरघर आहे. तिला काहीही ऐकू येत नाही, आणि ती हो, हो म्हणत राहते. पहिल्या खेळाला तिथे माझी पेन्सिल थांबली. दुसऱ्या खेळाला ठरवून लिहिणार होते, तरी थांबली. फोनवर मी तुझ्यावर रागावले होते, ते मागे घेते.

पाने सोबत आहेत. अक्षर नीट लावून पुन्हा उतरवली आहेत. चष्मा विसरू नकोस.

रंजनाताई

————

नंदुरबार
बुधवार, २५ डिसेंबर

ती. ताईस,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

आधी मुख्य ते सांगते. काल पथारीवर सांगितला, आणि एक शब्दही चुकला नाही.

रविवारी गायत्रीबरोबर गेले. मध्यंतरात दिवे लागल्याबरोबर पाकीट फोडलं आणि वाचत सुटले. पुढच्या रांगेतली एक बाई वळून गायत्रीला म्हणाली की तुमच्या सासूबाई परीक्षेला बसल्या का. इंजिनिअर लबाड निघाला नाही. त्याची मिशी उगाच तशी आहे. बायको मात्र आत शिरली, तेवढं माझं बरोबर.

काल भूमिका समोरच बसली होती. तिने मोबाइलवर आधीच सगळं वाचून ठेवलं होतं. मी सांगत गेले आणि ती एकेका ठिकाणी अडवत गेली. कलेक्टर काय म्हणाला, मुकादमाने काय उत्तर दिलं. मी तुझ्या कागदावरचं जसंच्या तसं सांगितलं. मग तिनेच मान हलवली आणि पुढचं घमेलं माझ्याकडे सरकवलं.

पण ताई, खरं सांगू का? बायका ऐकत होत्या, पण सरकत नव्हत्या. शाळेत बसल्यासारख्या बसल्या होत्या. मी नळीच्या जागेपाशी आले. तिथे तुझा कागद कोरा. मी थांबले. फुलवंताबाईने हातातली मिरची खाली ठेवली आणि म्हणाली, “ते बोलनं तं भूमिकानी बी सांगं व्हतं. तुले काय दिसनं ते सांग.”

मग मी सांगितलं. ती बाई हो, हो म्हणत असते तेव्हा एका हाताने नळी धरलेली आहे आणि दुसऱ्या हाताने मागच्या लोकांना गप्प बसा म्हणून खुणावते आहे. जणू ऐकू येतंच आहे. तिला नवऱ्याची काळजी आहेच, पण मागे सासू उभी आहे ना, तिला कळू द्यायचं नाही. तू हे पाहिलंस का? तुझ्या कागदात सासूचं नाव कुठेच नाही, कारण ती संपूर्ण सिनेमात एक शब्द बोलत नाही.

भूमिका म्हणाली की सासू होती हे तिला वाचून कळलंच नव्हतं. रविवारी ती स्वतः पाहायला जाणार आहे.

दहा जानेवारीला लग्नाचा विनोदी येतो आहे. तू लिहून देशील असं मी धरून चालले आहे. नाही म्हणालीस तरी धरूनच चालेन. आपला लोभ आहे तो माझ्या वाट्याला थोडा जास्त राहू दे.

तुझी,
बेबी

————

शहादा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

चि. बेबीस,
आशीर्वाद.

मी सासू पाहिली नाही. तुझे पत्र वाचून त्या रविवारी, सिनेमा उतरण्याआधी, तिसऱ्यांदा जाऊन आले. ती डाव्या बाजूला उभी आहे आणि तिच्या हातात सुनेच्या चपला आहेत. दोन खेळ मी मान खाली घालून बसले आणि माझ्या समोरून हे सगळे निघून गेले. जे बोलले गेले ते माझ्याकडे आले. जे बोलले गेले नाही ते तुझ्याकडे होते. वर्गातही माझे असेच होत असणार. बोलणाऱ्या मुली मला नावानिशी आठवतात.

लग्नाचा सिनेमा काल दोनदा पाहिला. विनोद लिहून काढणे फार कठीण काम आहे. लिहिल्यावर त्यात विनोद उरत नाही. नवरदेवाच्या मामाच्या वेळी सगळे थिएटर हसत होते आणि मी तो काय बोलला ते लिहीत होते. तो करत काय होता ते मला माहीत नाही.

मशीन संक्रांतीनंतर येईल. आले की घाल. पण त्यामुळे कागद बंद होणार नाहीत, हे आताच ठरवून टाकू.

हेमकांतच्या हाती आज सकाळी दिले ते असे:

मध्यंतरापर्यंतची पाने नऊ, उघडी.
मध्यंतरानंतरची पाने सहा, बंद पाकिटात.
शेवट नाही.
कोरे फुलस्केप कागद बारा आणि टोक केलेली पेन्सिल एक. मामा काय करत होता ते लिहून परत पाठवण्यासाठी.

रंजनाताई