कॉलेजच्या फाटकाशी

सौभाग्यवतीस आशीर्वाद,

आपली चिमी कॉलेजात रुळली, काळजी नसावी. इथं आमच्या भाड्याच्या खोलीवर स्वयंपाक मीच करतो, मीठ हल्ली बरोबर पडतं.

शाळेसारखी पाचला घंटा होऊन सगळी मुलं एकदम सुटतील, म्हणून पहिल्या दिवशी फाटकाशी उभा राहिलो. ती दोनलाच सुटली होती. सातला मला शोधत आली आणि मैत्रिणींसमोर म्हणाली, "आजोबा, मी काय पहिलीत आहे?" पोरी हसल्या, मीही हसलो.

आता तिला वसतिगृहात जागा मिळाली आहे. नातीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं मीच म्हणायचो. दिवसभर खोलीत बोलायला कुणी नाही, तरी तिला सोडून घरी यायला निघवत नाही. तेव्हा तूच लिही, 'गुडघे दुखतात, लवकर या.' म्हणजे बोलावणं आलं म्हणून निघता येईल.

गुडघे खरंच बरे आहेत ना?

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
चिमीचे आजोबा