धरलं का गा अस्तर?

बाबा, नखाएवढ्या प्लास्टिकच्या एका तुकड्याची खरी किंमत सांगतो: सहा महिने, बादलीभर वाया गेलेले तुकडे आणि माझी शांत झोप. बेसा भागात माझा कोटिंगचा कारखाना आहे, तुम्ही तो पाहिला नाही. नुसत्या टिचकीच्या आवाजावरून कोट धरला की नाही सांगणारा नागपुरात मी एकटाच, असं गिऱ्हाइकांना हसत सांगतो. माझे कान कधी चुकले नाहीत.

ते कान तुमच्या नंदनवनातल्या पाट्यांच्या दुकानात तयार झाले. पत्र्याने तुमचं मनगट कापलं, आतली नस तुटली, उजवी बोटं बधिर झाली. ब्रश धरता यायचा, पण रंगाखालचं अस्तर पत्र्याला धरलं का, हे बोटांना कळेना. मग तुम्ही पाटी माझ्यापुढे सरकवायचे. "धरलं का गा अस्तर? मले समजून नाही राहिलं. टिचकी मार, आयक."

परवा प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. तुटलेली नस जोडणाऱ्या नळीला आतून लेप लागतो. लेप त्यांचा, तो चाचणीच्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर एकसारखा चढवायचं काम माझं. कोऱ्या प्लास्टिकवर नसांच्या पेशी गोळा होऊन मेल्या होत्या. लेपावरच्या एका पेशीतून मात्र पाच बारीक धागे निघाले होते, चाचपडत. लेप संपतो तिथे पाचही थांबलेले, दाराच्या फटीत बोटं असावीत तसे. एक टोक हललं, तसं मी मॅडमना सांगितलं.

"इतक्या लवकर हलताना दिसत नाही हो, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात टिचकी ऐकू आली. पत्र्यावरची.

"हा आवाज कसला?"

"कसला? इथे काहीच नाही."

आता ती टिचकी जेवताना ताटाखालून येते. टिक. मग तुम्ही उत्तराची वाट पाहायचे तेवढी शांतता.

मिठाईवाल्याच्या पाटीचा रंग महिनाभरात पापडासारखा सुटला, तेव्हा तो दुकानात येऊन म्हणाला, "काकाजी, हात गेला तुमचा. आराम करा आता." तुम्ही बोटांकडे पाहत राहिले. "पोराचे कान खोटं नाही बोलत. हातच मेला माझा." त्यानंतर ब्रश उचलला नाही.

हे पत्र घडी करून तुमच्या ब्रशच्या डब्यात ठेवतो. मिठाईवाल्याच्या पाटीचं अस्तर तपासायचं होतं, त्या दिवशी मला टिचकी मारायला सांगून तुम्ही चहा प्यायला गेले होते, आणि बाहेर पोरं बॅट घेऊन मला हाका मारत होती. तुम्ही परत येताच विचारलं, मी म्हणालो, "धरलं, बाबा." पाटीला मी टिचकी मारलीच नव्हती.