बेदाण्यांखालच्या अकरा गोळ्या

तासगाव

चि. सौ. रंगूस दादाचे पोटभर आशीर्वाद.

दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढवत नसेल तर खालीच अंथरूण टाक, त्यांचे रुसवे बघू नकोस. सूनबाई पूजाची पाठ? म्हशीनं पुन्हा लाथ मारली नाही ना? आणि तुझ्या हिरड्या? (हे मुद्दाम शेवटी विचारतोय. फोनवर विचारलं की तू "बरी हाय" म्हणून फोन ठेवतेस. कागद तसा मध्येच ठेवता येत नाही.)

माझं म्हणशील तर महिनाभर चूळ भरली की रक्त. शेवटी क्रांती डॉक्टरणीकडं गेलो. पोरगी नातीच्या वयाची, पण आई दुधाची कढई खरवडायची तसे तिनं माझे दात मुळापासून खरवडले. म्हणाली, खरं औषध ही सफाई. जोडीला एकवीस गोळ्या, रोज तीन, सात दिवस, एकही चुकवायची नाही. आणि मिश्री बंद. (बंद केली.) चौथ्या दिवशी सकाळी रक्त थांबलं, भाकरीचा कडक काठसुद्धा चावला. दहा खाऊन झालेल्या, अकरा उरलेल्या. आता तूच सांग, पेरू असो नाहीतर गुळाचा खडा, निम्मा रंगूला ठेवल्याबिगर मी कधी तोंड हलवलंय का? म्हणून आपला नातू विश्वजीत मेढ्याला तुमच्याकडं निघाला, तेव्हा बेदाण्याच्या पिशवीत तळाला गोळ्या आणि चिठ्ठी ठेवली. एक तुला जास्तच.

पुढच्या खेपेला डॉक्टरणीनं विचारलं, कोर्स पुरा केला? मी छाती काढून म्हटलं, केला की! निम्मा मी, निम्मा बहिणीनं. तिनं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "आजोबा, औषध म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी न्हवं. तुमचा रोग निम्मा मागं राहिला, आणि त्यांना गोळी सोसली नाही तर?" तिथं मला आठवलं गं. तू सात वर्षांची असताना डॉक्टरच्या एका सुईनं तुझं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, आई तुला कडेवर घेऊन अनवाणी पळालेली. गळ्यात फडकं तसंच ठेवून खुर्चीतूनच फोन लावला. पूजानं उचलला. "मामा, पिशवी उघडलीच न्हाई. आत्याबाईंना बेदाणा चावत न्हाई आता, दोन दात हालत्यात. तुमाला सांगू नगा म्हनल्यात."

म्हणजे जे हलते दात लपवून तू मला फसवलंस, त्यांनीच तुला वाचवलं. मी खुर्चीत बसून रडलो. (डॉक्टरणीला वाटलं दाढ ठणकतीय. तिनं कापूस लावला.)

तर त्या गोळ्या तोंडात घालू नकोस, पूजाकडं दे. आणि तिला घेऊन तासगावला ये. सुईची गोष्ट डॉक्टरणीच्या कानावर घातलीय. आधी सफाई करील, गोळी लागलीच तर तुला सोसंल तीच देईल.

तुझा दादा,
हिंदुराव

ता. क. वर कंसात "बंद केली" लिहिलंय, ते काल संध्याकाळपर्यंत खरं होतं. आईचा मिश्रीचा डबा दिसला की बोट आपोआप जातं. एकट्यानं सुटत नाही गं. तुझीही सुटली नसणार. ये, दोघं मिळून सोडू.

पुन्हा ता. क. पत्र मिळताच कार्डावर "येते" एवढंच लिहून धाड. "बरी हाय" लिहिलंस तर मुराळी होऊन मीच न्यायला येतो, ह्या वयात, मेढ्याचा चढ चढून.