बेटाचं नाक

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मोजणं मी सोडून दिलंय. आज लिहितोय, कारण आपल्या बेटाची माहिती घ्यायला अकोल्याहून एक कारकून आलाय आणि त्याच्या कागदात तू आहेस.

बेट कुठं होतं हे आता बोटानं दाखवावं लागतं. तिथून पूर्णा सरळ वाहते. मी त्याला सांगितलं, अकरा घरं होती, मध्ये काळी जमीन, खालच्या अंगाला वाळू, तिथं टरबुजं व्हायची. वरच्या टोकाला, पाणी जिथं येऊन फुटायचं, तिथं निरगुडी आणि बाभळीची दाटी. त्याला आम्ही नाक म्हणायचो. नाकाला कुऱ्हाड लावायची नाही. नवी सून आली की आधी नाकावर निरगुडीची एक फांदी खोचायची, मगच उंबरठा ओलांडायचा. तूही खोचली होतीस. कारकून मान डोलावत लिहीत होता आणि मला चक्क बरं वाटत होतं.

मग कापसाचं ते साल सांगितलं. दूर कुठं गोऱ्यांच्या मुलखात लढाई पेटलीय आणि अमरावतीच्या बाजारात आपला कापूस म्हणाल त्या भावानं जातोय, एवढंच आम्हाला ठाऊक. लोकांनी ज्वारी सोडली, अंगणातसुद्धा सरकी टोचली. कारकुनाला इथपर्यंतच सांगितलं, पुढचं नाही. माझा डोळा नाकावर. दर पुराचा गाळ तिथं साचलेला, लोण्यासारखी माती. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "नाकाले हात लावू नको. ते हाय म्हनून आपन आहो."

वैशाखात तू मावशीकडं चांदूर बाजारला गेलीस आणि मी कुऱ्हाड उचलली. शेजारचा काका धावत आला. "कावून तोडून राहिला रे?" मी म्हणालो, "मायनं सांगतलं." बस्स. अकरा घरांत तुझा शब्द कोणी मोडत नसे. तो आल्या पावली परत गेला. तुझं नाव घेतलं नसतं तर त्यानं माझा हात धरला असता.

तू परतलीस तेव्हा सगळे काठावर उभे. काका विचारतो, "वयनी, तुमी सांगतलं का?" तू माझ्याकडं पाहतेस. किती वेळ पाहतेस, माय! "हो, म्याच सांगतलं," म्हणतेस. नंतर मला एकट्याला नाकावर घेऊन गेलीस. म्हणालीस, "माही निरगुडी कोनती होती, दाखव." तोडून मी सगळं पेटवून दिलेलं, नुसती जळकी खुंटं. मला दाखवता आली नाही.

भादव्यात पूर आला. गुडघाभर कापसासकट नाक गेलं, दोन दिवसांत घरं गेली. माणसं तेवढी डोंग्यातून निघाली आणि भातकुलीकडच्या काठावर झोपड्या घालून राहिली. तू पाणवठ्यावर आलीस की बायका घागरी उचलून निघून जायच्या. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस तेव्हा खांदा द्यायला चौघं जमेनात. ते का, हे मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

आज दुपारी कारकुनानं लिहिलेलं वाचून दाखवलं. गावानं त्याला जे सांगितलं तेच होतं. एका बाईच्या हव्यासानं नाक तोडलं गेलं आणि बेट बुडालं. "बरोबर ना, बाबा?" त्यानं विचारलं. भोवती त्याच अकरा घरांची नातवंडं बसलेली. सणासुदीला ती माझ्या पाया पडतात. मी हो म्हणालो. सहीसुद्धा केली.

आता बेट पाहिलेलं दुसरं कोणी उरलं नाही. कागदात राहील तेच खरं ठरेल. कारकून अजून चावडीवर आहे, सकाळी त्याची बैलगाडी निघेल. चावडी इथून दिसते. हे सगळं त्याला जाऊन सांगायचं, तर मी तुला लिहीत बसलोय. तू काही बोलणार नाहीस, म्हणून.