मस्कतचा कौल

२० नोव्हेंबर १९८५, बुधवार

आप्पांचं पत्र आलं. अख्ख्या इनलँडवर चार ओळी! "मस्कतचे समजले. देवीला कौल लावल्याशिवाय हो म्हणू नकोस. शनिवारी ये. माझा चष्मा तुझ्याकडे राहिला आहे तो आण."

झालं. मुंबईच्या एजंटला पुढच्या बुधवारपर्यंत कळवायचंय. दोन वर्षांचं कंत्राट, मोठं हॉस्पिटल, राहायला खोली. सहा वर्षं वॉर्डात धावून धावून पायांचे तुकडे पडले, तेव्हा कुठे हे दार उघडलं. आणि आता ते कशावर अवलंबून? दोन कळ्यांवर! केरू गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवणार, आप्पा हात जोडून विचारणार. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर बस घरी.

आमच्या घरात सगळं असंच ठरतं. विहीर कुठे खणायची, हरिश्चंद्रदादाने मुंबईला जायचं की नाही. माझं नर्सिंगसुद्धा. तेव्हा उजवी पडली म्हणून आज कोणाला तरी इंजेक्शन टोचतेय.

आई गेल्यापासून आप्पा तिकडे एकटे. ते 'नाही' म्हणतील हे मला स्वच्छ दिसतंय. फक्त देवीच्या तोंडून म्हणतील.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रजा मिळाली. मेट्रनबाई म्हणाल्या, "दोन दिवस म्हणजे दोनच हं, मालन!" जसं काही मी आजवर चार केलेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळची ड्यूटी दीडला सुटली. जेवले नाही, तशीच निघाले. बरोबर सावित्री. माझ्याच खोलीत राहते, माझ्याच वॉर्डात काम करते, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

पहिला चष्मेवाला. काडी बदलून ठेवली होती, पण त्याने काळ्या चष्म्याला तपकिरी काडी लावलीय! भांडले. तो म्हणाला, "गावात कोण बघतंय ताई?" बघायला आप्पाच आहेत ना! पण काळी काडी सोमवारी येणार म्हणाला, तेव्हा गप्प घेतला.

मग फोटो स्टुडिओ. पासपोर्टच्या फोटोच्या चार कॉप्या. फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. सावित्री इतकी हसली की स्टुडिओवालाही हसायला लागला. मला राग आला, मग मीही हसले.

मग बेकरी. खारी आणि टोस्ट. शहरातून गावी जाताना हे न्यायलाच हवं, नाहीतर वाडीत वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आप्पांना तपकिरीची डबी. मऊ चपला घेतल्या, नंबर अंदाजाने. त्यांना विचारलं असतं तर "आहेत की!" म्हणाले असते.

स्टँडसमोर हौसा भेटली, भाजीच्या पाट्या घेऊन बसलेली. आमच्याच वाडीतली, माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होती, इथे दिलीय. तिने जबरदस्तीने लाल माठाच्या दोन जुड्या पिशवीत कोंबल्या. गावी भाजी नाही का? पण नको म्हटलं की रुसते. कौलाचं सांगितलं. ती एकदम गंभीर झाली.

"देवी जा म्हनली तर जा. नाय म्हनली तर मस्कतचा नाव पन घेव नको. बापूस एकलो हाय गो तुझो."

हे मला सगळेच सांगतात. जसं काही मला माहीतच नाही!

वाटेत सावित्री म्हणाली, "एवढं काय घाबरतेस? ती काय जादू आहे? जी कळी कमी ओली ती आधी पडते. गुरवाला सांग, उजवीकडे पाणी कमी लाव."

मी तिला गप्प केलं. पण शंभर पावलं गेल्यावर माझी मीच थांबले आणि केरू गुरवासाठी एक बॅटरी घेतली. तीन सेलची, चांगली लांबलचक. दुकानदाराने लावून दाखवली तर भर दुपारी समोरची भिंत उजळली. सावित्री म्हणाली, "देवीच्या कारकुनाला लाच!" लाच नाही. देवळात अंधार असतो, म्हातारा पडेल बिडेल— कोणाला फसवतेय मी? लाचच आहे. लाज वाटतेय. पण बॅटरी परत करणार नाही. मला जायचंय. एकदा तरी हे इथे लिहून ठेवते. मला खूप, खूप जायचंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या गाडीने रत्नागिरीहून जयगड, मग होडीने खाडी ओलांडून तवसाळ, पुढे हेदवीच्या गाडीने आमच्या फाट्यापर्यंत. होडीत एका बाईची कोंबडी सुटली आणि थेट माझ्या खारीवर बसली. निम्मी खारी भुगा.

आप्पा फाट्यावर येऊन उभे. चपला बरोबर झाल्या! "आहेत की," म्हणाले, पण पायातून काढल्या नाहीत. मस्कतविषयी एक अक्षर नाही. भात कसं झालं, पेंढा कोणाला दिला, मांजरीला पिल्लं किती— सगळं सांगितलं. मीही विचारलं नाही. दोघेही शहाणे.

संध्याकाळच्या आत केरूकाकांच्या घरी जाऊन बॅटरी दिली. मी नुसतं "उद्या जरा बघा हं काका," म्हटलं. ते बॅटरी लावत-विझवत राहिले. "ब्येस हाय गो. ब्येस हाय." कळलं की नाही, देव जाणे.

२४ नोव्हेंबर, रविवार. तवसाळ, होडीची वाट बघत

उजवी! उजवी पडली!

माझा नैवेद्य होईपर्यंत आप्पा पुढे निघून गेले होते. ताट घेऊन पोचते तर कौल लावून झालेला. आप्पा देवळाच्या पायरीवर बसलेले, केरूकाका आत. आप्पा म्हणाले, "उजवी दिलान. जा तू."

बस्स, एवढंच. मी पायरीवरच रडायला लागले. त्यांनी ताट माझ्या हातातून काढून घेतलं, सांडेल म्हणून.

जेवताना मात्र खूप बोलले. तिकडे पाणी उकळून पी, सोनं अंगावर घालून फिरू नको, दादाला दर महिन्याला पत्र टाक. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि मी मूर्ख, पत्र आल्यापासून त्यांच्यावर मनातल्या मनात चिडत होते. एजंटला उद्याच तार करते. होडी आली. केरूकाकाही आहेत, जयगडला नातीकडे चाललेत.

तोच दिवस. होडीतच

होडी हलतेय, तरी लिहिते.

मी केरूकाकांना म्हटलं, "उपकार झाले काका. उजवी पडली."

ते माझ्याकडे वळले. "उजवी? कोन बोललान तुला?"

"आप्पा."

त्यांनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. मग बोलले.

"आप्पांनी तुज्या जान्याचा इचारलानच नाय गो बाय. त्यांनी इचारलान, पोर दोन वर्सांनी परत येल तवर मी असेन काय. डावी पडली. परत लाव बोलले. परत डावी. तीन येळा लावलो मी. शेवटाला तर उजवीकडं पानी पन नाय लावला, अशीच ठेवली. तरी डावीच आदी पडली."

मी नर्स आहे. कळी का पडते मला माहीत आहे, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण आप्पांचा आहे! उत्तर ऐकून माणूस बाहेर आला, पायरीवर बसला, आणि मला जा म्हणाला. आणि हे असलं विचारावंसं का वाटलं त्यांना? काय होतंय? मी दोन दिवस तिथे होते, एकदा नाडी बघितली नाही. सारखं मस्कत, मस्कत!

जयगड आलं. सगळे उतरताहेत.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ. घरी

उतरले नाही. त्याच होडीने परत.

आप्पा अंगणात पेंढा रचत होते. मला बघून म्हणाले, "काय गो, काय विसरलंस?"

म्हटलं, "तुम्हाला. चला, दोन धोतरं भरा. उद्या माझ्याबरोबर रत्नागिरीला, डॉक्टरांकडे."

वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. का, हेही विचारलं नाही. हात झटकले आणि आत जाऊन पिशवी शोधायला लागले.