कॅरिअरवरचं पोतं

३ मार्च, सोमवार

आज सकाळी वाळूचं पोतं कॅरिअरला करकचून बांधलं आणि कालव्याकाठच्या घरापासून फाउंड्रीपर्यंत सायकल मारली. घर अजून आमचं नाही, बघून ठेवलंय. लोक घर बघायला जातात ते नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात. मी रस्ता बघतो. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला. आणि पोत्यासकट!

पोत्यात आमच्या फाउंड्रीतली, लोखंड ओतायच्या साच्याची वाळू आहे. वजन हिच्याइतकं, अंदाजाने. लग्न झाल्यापासून हिला कामावर मीच सोडतो. ही हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, मी तिथून पुढे फाउंड्रीत. संध्याकाळी तसंच परत. हिच्यावर बससाठी ताटकळत उभं राहायची वेळ कधी आली नाही. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण आतून छाती फुगते. देवाने पायांत बळ दिलं, ते चांगल्या कामी लागलं.

कालव्याचा रस्ता उत्तम. सपाट, वर्दळ नाही. पायडलच्या प्रत्येक फेरीला मी मनात देवाचं नाव घेतो, जुनी सवय. आज एकदाही नाव तुटलं नाही. पण एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या भिंती, शेवटपर्यंत तेच. गावच्या शाळेत मास्तर आधी विचारायचे, "येताना वाटेत काय पाहिलंस?" मग पाढे. आज मास्तरांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? भिंत.

४ मार्च, मंगळवार

घरमालकीणबाई पुन्हा आठवण द्यायला येऊन गेल्या. त्यांचा मुलगा बायकोला घेऊन परत येतोय, महिनाअखेरीला जागा हवी. "तुमच्यासारखी माणसं पुन्हा मिळायची नाहीत हो," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. नजर मात्र जिन्याखाली माझ्या सायकलने पाडलेल्या तेलाच्या डागावर!

६ मार्च, गुरुवार

एजंटने टेकडीवरचं घर दाखवलं. आम्ही दोघांनी एजंटचं नाव 'दोन मिनिटं' ठेवलंय. बाजार? दोन मिनिटं. हॉस्पिटल? दोन मिनिटं. गाडीतून नेलं त्याने, त्यामुळे पटलंही.

घर लहान. पण स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि मी तसाच बाहेर गेलो. उंबऱ्यापासून पायवाट सुरू होते. झुडपांतून वर, मग दोन फाटे — एक झाडीत शिरतो, एक कड्याच्या कडेने जातो. मातीवर सायकलींच्या चाकांचे माग. गावी शाळेची वाट अगदी अशी होती. त्या वाटेवर मी चालायला शिकलो, सायकल शिकलो, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनाही तिथेच शिकलो, घरातल्या देवापुढे नव्हे.

ही खिडकीशी उभी होती. वारा बघत असावी. म्हणाली, "इथे चादरी तासाभरात वाळतील." हिच्या तोंडून याहून मोठं कौतुक येत नाही.

९ मार्च, रविवार

एकटाच त्या वाटांवर जाऊन आलो. सायकल वरपर्यंत फाउंड्रीच्या टेम्पोतून नेली, ड्रायव्हर त्याच बाजूचा. झाडीत जाड टायरच्या सायकलवाली तरुण मंडळी भेटली. डोक्यावर शिरस्त्राणं, गुडघ्यांना ढाली, लढाईला निघाल्यासारखी! एकजण म्हणाला, "काका, या सायकलवर? इथे?" मी म्हटलं, "हिला कुठे ठाऊक आहे इथे चालत नाही ते?" आणि गेलो पुढे. मुळं, दगड, वाळका पाला, सगळ्यावरून गेलो. पन्नाशी आली असं कोण म्हणेल!

इथेच राहायचं. ठरलं जवळजवळ.

१० मार्च, सोमवार

पोतं बांधून टेकडीवरून कामावर. काय तो रस्ता! पायडल मारावंच लागत नाही. पोतं मागून ढकलतंय असं वाटत होतं. सगळ्यांच्या आधी फाउंड्रीच्या फाटकात.

संध्याकाळी हिला सांगितलं, "टेकडीचा रस्ता एकदम झकास."

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि येताना?"

११ मार्च, मंगळवार

येताना.

पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे, तिथे चढ अंगावर येतो. दरवेळी टेम्पोतून किंवा गाडीतून वर गेलो आणि सायकलवरून खाली आलो. घरी परतायचा रस्ता बघायचाच राहिला! वर्षानुवर्षं सायकल मारणाऱ्याने हे करावं!

वळणावर आधी नाव तुटलं, श्वासच पुरेना. मग पोत्याच्या भाराने पुढचं चाक उचललं गेलं, आणि मी, सायकल, पोतं असे तिघे आडवे. पोतं फाटलं. रस्ताभर वाळू. कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा थांबले.

"बांधकाम काढलंय का?"

"नाही. घर बघतोय."

आजोबांनी कुत्र्याकडे पाहिलं आणि निघून गेले.

लागलं नाही फारसं. पण पोत्याऐवजी ही असती तर? वाळू पायाने कडेला सारली, रिकामं पोतं गुंडाळून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

हिला माझ्या बुटात वाळू सापडली. मग फाटकं पोतं सापडलं. सगळं सांगावं लागलं.

"माझ्याइतकं वजन? माझं वजन कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अंदाजाने घेतलं."

"उचलून दाखवा बरं ते पोतं. भरून दाखवा." हसत होती. मग एकदम थांबली. "म्हणजे मी पोतं."

"अगं, तसं नाही —"

"पोतं बोलत नाही, म्हणून बरं वाटत असेल."

बूट दारात नेऊन झटकले.

१४ मार्च, शुक्रवार

मनाशी ठरवलं, कालव्याकाठचं घर. वाटा काय, सुट्टीच्या दिवशी जाता येईल. हिला मागे बसवून घरी आणणं सुटता कामा नये. ते सुटलं तर माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं आहे काय?

लेकीचा फोन आला. शिकायला लांब आहे, पण घरातली बित्तंबातमी तिला असते. "बाबा, आईला विचारलंत का कुठलं घर हवं?"

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"ते नाही हो. विचारलंत का?"

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही.

१७ मार्च, सोमवार

फाउंड्रीची भट्टी दुरुस्तीला काढली, लवकर सुटलो. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूने गेलो. धुतलेल्या चादरी वाळत घालतात ते आवार. चादरींच्या रांगांमधून एक सायकल आली, वेडीवाकडी. सायकलवर ही!

मागून अँब्युलन्स चालवणाऱ्या बाई सीट धरून धावत होत्या. सायकल त्यांचीच असणार. मी बॉयलरच्या खोलीआड झालो. का लपलो कोण जाणे. एकच टोचत होतं — मी असताना दुसऱ्या कुणाकडून शिकते?

"सोडू नका हं! सोडू नका!" ही ओरडत होती.

बाई मागे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अगं, कधीच सोडलंय!"

ते ऐकून हिने मागे वळून पाहिलं आणि सरळ कपड्यांच्या ढकलगाडीत घुसली. मी धावणारच होतो. पण ही उठली, चादर झटकली आणि हसली. कुणाला दाखवायचं नसलेलं हसू. मग परत बसली सायकलवर. या खेपेला वळण घेतलं, ढकलगाडीला वळसा घातला, रांगेच्या टोकाला जाऊन परत आली.

टोचत होतं ते कुठे गेलं कळलं नाही. आपल्या लेकीने पहिलं पाऊल टाकलं होतं तेव्हा असंच भरून आलं होतं. ही माझी बायको, असं त्या आजोबांना, त्यांच्या कुत्र्याला, सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं एकालाच, वरच्याला. त्याला आधीच ठाऊक असणार.

मग मागे फिरलो, पुढच्या फाटकाशी नेहमीसारखी घंटी वाजवली. ही आली, कॅरिअरवर बसली. तळहात खरचटलेला. मी पायडल मारलं.

१८ मार्च, मंगळवार

आज मागे बसल्यावर हिने माझा शर्ट धरला नाही. कॅरिअरची कड धरली. तोल सांभाळत होती, वळणावर माझ्याबरोबर झुकत होती. शिकलेलं लपत नाही.

२० मार्च, गुरुवार

हिनेच सांगितलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. दोन महिने झाले शिकतेय."

मला म्हणायचं होतं की ऊर भरून आला. तोंडातून निघालं, "हँडल आवळून धरतेस. जरा सैल धर."

"म्हणजे तुम्ही बघितलंत!"

"बघितलं."

"ढकलगाडीसुद्धा?"

"ढकलगाडीसुद्धा."

दोघंही हसलो. मग आज पहिल्यांदा विचारलं, कुठलं घर हवं? "आधी मला तो चढ बघू द्या," म्हणाली, "पोत्याचं ऐकून ठरवणार नाही मी."

२३ मार्च, रविवार

हिने अँब्युलन्सवाल्या बाईंची सायकल मागून आणली. निघालो दोघं.

टाकीच्या वळणावर मी नेहमीसारखा उभा राहून, दात आवळून पायडल मारत होतो. मागून आवाज आला, "अहो, उतरा की!" बघतो तर ही खाली उतरून, सायकल हाताने धरून, निवांत चालतेय.

"चढावर उतरायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

विचार केला. कुणी सांगितलं? मास्तरांनी नाही, देवानेही नाही. आजवर चढावर पाय टेकला नाही, ही माझी मोठी मिजास होती. उतरलो. वाटलं होतं लाज वाटेल. श्वास परत आला. चालता चालता नाव आलं, अखंड.

ही बोलत होती. "त्या पुलापलीकडे पिवळी शाळा आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"रोज तर जातो तिच्यावरून."

"मी आज पाहिली. मी कॅरिअरवर डावीकडे तोंड करून बसते. इतकी वर्षं मला अर्धाच रस्ता दिसला. पुढे बघावं तर तुमची पाठ."

तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. मी मात्र चालायचा थांबलो. मी वाटेत काय पाहिलं याचा हिशेब मास्तरांना द्यायचो. हिला कधी विचारलं नाही.

वर पोचल्यावर ही दम खायला थांबलीच नाही. सायकलवर बसली आणि मागच्या पायवाटेने झाडीत शिरली. हँडल सैल धरलं होतं. मी मागून गेलो, मुद्दाम मागे राहून. हिची पाठ बघत. एका मुळावर चाक अडखळलं, पाय टेकला, पुन्हा निघाली. तीच तरुण मंडळी समोरून आली आणि त्यांनी हिला वाट दिली. वाट दिली!

पुढच्या फाट्यावर थांबून म्हणाली, "हेच घर. वळणावर उतरायचं, गप्पा मारत वर यायचं. चालेल?"

मी म्हटलं, "चालेल."

२५ मार्च, मंगळवार

एजंटला होकार दिला. "वाहवा! टाकीचं वळण सोडलं की दोन मिनिटं!" ही म्हणाली, "वळण सोडायचंच नाही. तिथेच तर बोलणं होतं." त्याला काही कळलं नाही.

लेकीला कळवलं. "आईसाठी सायकल घ्या. आणि बाबा, तुमचा तो कॅरिअर काढून टाका आता, खडखडतो नुसता." बघू म्हटलं. कालच पाना हातात घेतला होता आणि परत ठेवला होता.

२९ मार्च, शनिवार

सामान हलवलं. घरमालकीणबाईंसाठी जिन्याखालचा डाग घासून काढला. निघाला नाही पूर्ण. बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, आठवण राहील."

हिची सायकल आली. हिरवी.

३० मार्च, रविवार

सकाळी मागच्या दारात बसलो आणि कॅरिअर काढला. नट गंजून बसले होते, लग्नापासून कधी उघडलेच नव्हते. तेल सोडलं, थोडं थांबलो, मग फिरले. माझ्या सायकलवरून काढला तो हिच्या सायकलला बसवला.

"आता बसा," ही म्हणाली, "कुंपणापर्यंत नेते."

बसलो. डावीकडे तोंड करून. खरंच, अर्धाच दिसतो.