नववी खुर्ची

मंगळवार, १४ ऑक्टोबर
लॅब, दुपारचे तीन

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, घेशील तर घे. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. ते फाडायला निदान दोन्ही हात लागतात.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबा गुडघ्यापेक्षा जास्त. शेजारच्या काकांनी आपला पेपर आधी चाळला म्हणून दोन दिवस त्यांच्याशी अबोला होता, काल मिटला. मी बरी आहे. वजनाचं विचारू नकोस.

नोकरी तीच. आमची लॅब तुला ठाऊकच आहे, ना नळ्या ना उंदीर. नऊ खुर्च्या, नऊ संगणक, मधे पुठ्ठ्याचे आडोसे. जाहिरात वाचून लोक येतात, दोन तास खोटे शेअर घेतात-विकतात, आणि जेवढे गुण कमावतील त्या हिशोबाने खरे पैसे घेऊन घरी जातात. त्यांना नियम वाचून दाखवायचं काम माझं. अकरा वर्षं वाचतेय, झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन. एकूण पंधरा फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी शेअरवर वीस गुण तरी मिळणार नाहीतर शून्य, म्हणजे सरासरी दहा. पंधराव्या फेरीनंतर शेअर म्हणजे रद्दी. तेव्हा सुरुवातीला त्याची लायकी दीडशेची आणि दर फेरीला ती दहाने घटणार. लपवाछपवी काही नाही, भिंतीवर तक्ताच लावलाय.

आणि तरी भाव चढतो रे! लायकी उतरत जाते आणि भाव वर वर जातो. दंतवैद्य येऊ देत, बस चालवणारे येऊ देत, गणिताच्या बाई येऊ देत. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत सगळं धाडकन खाली येतं आणि लोक एकमेकांकडे बघत बसतात. मी मागे उभी राहून मनात हसायचे. खरं सांगायचं तर कीव करायचे.

मागच्या गुरुवारी एक माणूस आलाच नाही. खेळ नऊ जणांचाच बेतलेला, आठांवर तो सुरूच होत नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच बसा हो नवव्या खुर्चीवर, तुमचे आकडे नंतर वगळू." मी बसले. म्हटलं, चला, आज दाखवूच यांना.

पहिल्या पाच फेऱ्या मी अगदी शहाण्यासारखी वागले. भाव लायकीच्या वर जाताच होते नव्हते तेवढे शेअर विकले आणि हाताची घडी घालून बसले. भाव चढतच राहिला. आडोशापलीकडे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, दर फेरीला हळूच "वा!" म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक "वा!"ला माझा जळफळाट. दहाव्या फेरीत शेअरची लायकी साठ आणि भाव दोनशे दहा. तक्ता समोर. तोही माझ्याच अक्षरातला. आणि मी सात शेअर घेतले! का, तर पुढच्या फेरीला दोनशे तीसला कुणाच्या तरी गळ्यात मारीन. हे फुगलंय ते मला माहीत आहे, या आठ जणांना कुठे माहीत आहे? अरे, तासाभरापूर्वी मीच त्यांना वाचून दाखवलं होतं!

अकराव्या फेरीत दोनशे तीस आला. विकले नाहीत. म्हटलं, अडीचशे होऊ देत. बाराव्या फेरीत घेणारं कुणीच नव्हतं.

संध्याकाळी मॅडमनी आलेख काढला. मी म्हटलं, "माझे आकडे काढून टाका, मला नियम पाठ आहेत." त्या हसल्या. "काढायचे तर आहेतच, पण बघा ना, नवांतल्या तुम्ही कोणत्या ते ओळखूसुद्धा येत नाही." त्या गमतीने म्हणाल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तू म्हणशील, सहा वर्षांनी ताईला खेळात हरल्याचं दुःख सांगायला पत्र सुचलं. तसं नाही. पुढचं लिहायचं म्हणून मघापासून दोन चहा झालेत आणि टेबल तीनदा पुसून झालंय.

बाबांनी निवृत्तीचे पैसे विश्वासाने तुझ्या हाती दिले होते. तू ते त्या बॅटरीच्या कंपनीत घातलेस. भाव तिप्पट झाला तेव्हा तू मला इथे, लॅबमध्ये फोन केलास. "ताई, तू रोज हेच बघतेस. काढू का?" मी म्हणाले, "वेडा आहेस का? महिनाभर थांब." तू थांबलास. तुला हे माहीत नाही, की त्याच आठवड्यात मी माझी सगळी बचत त्याच कंपनीत घातली होती, कुणालाही न सांगता. तू बाहेर पडलास तर माझं चुकलं. तू थांबलास की माझं बरोबर, एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांत सगळं बसलं. त्या रविवारी बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा कुणाला विचारून थांबला?" आणि मी म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी काढायलाच सांगितलं असतं." तू माझ्याकडे बघितलंस. चपला घातल्यास आणि गेलास.

बाबांनी पैशांचं दुःख वर्षभरात सोडलं. त्यांना खुपतं ते वेगळंच. "एका शब्दाने कुणाला तरी विचारायचं होतं," असं सहा वर्षं म्हणतायत, आणि सहा वर्षं मी त्यांच्या ताटात भाजी वाढत ते ऐकतेय. तू मला पाठीशी घातलंस. मी मात्र तुझ्या गप्प बसण्याला नातेवाइकांत माज म्हणत फिरले. मला लाज वाटते रे. खूप लाज वाटते.

हे पत्र आज टाकत नाही. आधी बाबांना वाचून दाखवीन.


गुरुवार, १६ ऑक्टोबर
घरी, सकाळ

परवा संध्याकाळी वाचून दाखवलं. खेळाचं सगळं त्यांनी नीट ऐकलं, पोस्टमास्तरांच्या "वा!"ला हसलेसुद्धा. पुढचंही सगळं वाचलं. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "म्हणजे त्याने विचारलं होतं." एवढंच.

काल दिवसभर माझ्याशी एक शब्द नाही. चहा दिला, प्यायले. शेजारच्या काकांशी पेपरवरून तासभर गप्पा मारल्या, मला मात्र मीठसुद्धा बोट दाखवून मागितलं.

आज सकाळी स्वतःहून आले. "पत्र टाकलंस?" नाही म्हटलं. "मग खाली लिही, बाबांनी घरी बोलावलंय." मी लिहिलं. विचारलं, "मी वाट बघतेय असंही लिहू का?" म्हणाले, "तुझं तू बघ. मी माझं सांगतोय." दारापर्यंत गेले आणि परत आले. "आणखी एक लिही. सहा वर्षांत मीही त्याला काही विचारलं नाही. त्याचं ऐकून घ्यायला मी बसायला हवं होतं, असं लिही."

जसं सांगितलं तसं लिहिलंय, माझा एकही शब्द घातलेला नाही. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तू बोलावंस अशी अटही घालत नाही. मला टाळायचं असेल तर दुपारी ये, मी तेव्हा लॅबमध्ये असते. बाबा घरीच असतात.

माझ्या वाट्याचा दोष सहा वर्षं तुझ्यावर ढकलून बसलेली,

तुझी ताई